लढाईत बोटीवर गेलेला आपला माणूस कसा शोधायचा

माझ्या आजीचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात बोटीवर गेले. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो, म्हणजे भिंतीवरच्या फोटोला म्हणायचो, कारण त्यांना बघितलेलं आजीशिवाय कोणीच उरलं नव्हतं. आजीला तीनच गोष्टी माहीत होत्या. बोट जर्मनांनी फोडली, बोटीचं नाव 'सिटी काहीतरी' होतं आणि तार आली तेव्हा घरात गणपती होते. एवढ्यावर मी शोध सुरू केला आणि पहिलं जवळजवळ वर्ष फुकट घालवलं, कारण मी आडनाव टाकून शोधत बसले होते. तुमचं वर्ष जाऊ नये म्हणून हे सगळं लिहितेय.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. माणूस शोधू नका, बोट शोधा. खलाशाचं नाव कारकुनाने कसं लिहिलं असेल याचा भरवसा नाही, पण बोटीचं नाव, ती बुडाल्याची तारीख आणि जागा पाच ठिकाणी छापलेली असते. बोट सापडली की तिच्यावरच्या माणसांची यादी सापडते आणि त्या यादीत आपला माणूस ओळखू येतो, भले नाव वाकडंतिकडं का असेना.

त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवा, ते नक्की कशात होते. आपल्या घरांमध्ये बोटीवरच्या प्रत्येकाला 'नेव्हीत होते' म्हणतात आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. रत्नागिरी-कुलाब्याकडचे (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) बहुतेक लोक व्यापारी बोटींवर होते, पी अँड ओ, बी.आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन, क्लॅन लाइन, एलरमन, अँकर लाइन अशा कंपन्यांच्या. सारंग, टंडेल, खलाशी, आगवाला, तेलवाला, भंडारी हे शब्द घरात ऐकू आलेले असतील तर समजा व्यापारी बोट. सरकारी कागदात हेच लोक 'लास्कर' म्हणून सापडतात, तो शब्द लक्षात ठेवा. गणवेशातला फोटो असेल, नंबर असेल, टोपीच्या पट्टीवर एच.एम.आय.एस. असं काही असेल तर रॉयल इंडियन नेव्ही. पहिल्या महायुद्धात तिलाच रॉयल इंडियन मरीन म्हणायचे. आणि पहिल्या महायुद्धातलं कोणी 'बसऱ्याला गेले', म्हणजे आताच्या इराकमधल्या बसऱ्याला, असं घरात म्हणत असतील तर ते इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे तिथल्या नदीवरच्या बोटींवर असण्याची शक्यता खूप. ते खातं लष्कराचं, त्यामुळे त्यांचा शोध समुद्राच्या यादीत न घेता बसऱ्याच्या स्मारकाच्या आणि तिथल्या सेमेटरीच्या नोंदीत घ्यायचा.

आता घरापासून सुरुवात करा, इंटरनेट नंतर. पत्र्याची पेटी, देव्हाऱ्याखालचा कप्पा, जुन्या पोथ्यांमधली पानं, सगळं बघा. सगळ्यात मोलाची म्हणजे नळी. जुने खलाशी आपल्या डिस्चार्ज सर्टिफिकेटच्या पुस्तकाला नळी म्हणायचे. तिच्यात बोटींची नावं, चढल्या-उतरल्याच्या तारखा, हुद्दा, कधीकधी फोटो आणि अंगठा असतो. शेवटच्या सफरीची नळी बहुतेक माणसाबरोबरच गेलेली असते, पण आधीची भरलेली घरी राहिलेली असू शकते, आणि त्यातली कंपनी कळली तरी पुष्कळ झालं, कारण एकाच सारंगाच्या हाताखाली एकाच कंपनीत वर्षानुवर्षं जाणारे लोक होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, तो आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला खलाशी भरायचा. म्हणून शेजारच्या वाडीत त्याच लढाईत कोणी गेलं होतं का हे नक्की विचारा, फार शक्यता आहे की बोट तीच. मला मामाआजोबांच्या बोटीचं पूर्ण नाव आमच्या घरातून मिळालंच नाही, ते खाडीपलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकूंकडून मिळालं. त्यांच्या सासऱ्यांचा भाऊ त्याच बोटीवर होता आणि त्यांच्याकडे कंपनीचं इंग्रजी पत्र होतं, चार घड्या घातलेलं, घडीवर फाटलेलं, घरात कोणालाच वाचता न आलेलं, पण ऐंशी वर्षं टाकून न दिलेलं.

पहिल्या महायुद्धातले असतील तर पितळेसारखी दिसणारी गोल तबकडी आहे का बघा, साधारण १२ सेंटीमीटरची, तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया बाई, पुढे सिंह आणि दोन डॉल्फिन. गेलेल्याच्या घरी ती सरकारकडून यायची. एका चौकटीत नाव उठावात कोरलेलं असतं, हुद्दा लिहिलेला नसतो. ते नाव सरकारदरबारी ज्या स्पेलिंगने होतं त्याच स्पेलिंगने असतं, म्हणून अक्षर न अक्षर उतरवून घ्या. आणि कृपा करून घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.

कागद काहीच नसेल तर जमिनीकडे वळा. समुद्रात गेलेल्याची गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरला, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्या गाव नमुना १४ ला, नोंद असेलच असं नाही, कारण मृत्यू गावात झालेला नाही. पण नावावर जमीन असेल तर वारस लावायलाच लागले असणार आणि तेव्हाचा फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतो. आमच्या फेरफारात एक ओळ आहे, 'बोटीवर मयत', आणि पुढे वारस म्हणून भावाचं नाव. दोनच शब्द, पण त्यावरून साल पक्कं झालं. नोंद मोडीत असली तर घाबरू नका, मोडी वाचणारे लोक आता पुष्कळ आहेत. मात्र खोतीच्या गावात कूळ म्हणून राबणाऱ्या घरांचं नाव जुन्या कागदात नसतं बरेचदा, तसं असेल तर त्यात फार दिवस घालवू नका, पुढे चला.

तारखेबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथेच लोक अडकतात. घरात जी तारीख माहीत असते ती तार आल्याची असते, माणूस गेल्याची नव्हे. या दोनमध्ये महिने जाऊ शकतात. बोट लढाईत बुडाली की बातमी लगेच बाहेर पडत नव्हती, वाचलेले लोक कुठल्या किनाऱ्याला लागले हे कळायला वेळ, मग मुंबई, मग गाव. आमच्याकडे तार गणपतीत आली होती, बोट बुडाली होती उन्हाळ्यात, आणि मी ऑगस्ट-सप्टेंबरच्या बोटी चाळत बसले होते. म्हणून सणावरून, रमजानवरून, लावणी-कापणीवरून जी वेळ सांगतात ती जुन्या पंचांगावरून इंग्रजी तारखेत काढा आणि तिथून मागे निदान सहा महिने जा. शिवाय रात्री टॉर्पेडो लागलेल्या बोटीची तारीख एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरी दिसते. बी.आय.ची 'गैरसोप्पा' घ्या, आपल्या गिरसप्पाचंच नाव असलेली, ती आयर्लंडच्या नैऋत्येला फेब्रुवारी १९४१ मध्ये बुडाली, कुठे १६ लिहिलंय कुठे १७. तिच्यावर बहुतेक आपल्याकडचे खलाशी होते आणि सगळ्या बोटीवरून एकच जण जिवंत किनाऱ्याला लागला, तोही ब्रिटिश अधिकारी. तिच्यातली चांदी साधारण ४,७०० मीटर खोलीवरून काढून आणली म्हणून तिचं नाव सगळ्या पेपरात आलं. खलाशांची नावं शोधायला मात्र आपल्यालाच बसावं लागतं.

बोटीच्या अर्धवट नावावरून कंपनी ओळखता येते, हे मला फार उशिरा कळलं. 'सिटी ऑफ' काहीतरी असेल तर एलरमन. 'क्लॅन' काहीतरी असेल तर क्लॅन लाइन. शेवटी 'आ' येणारं, हिंदुस्थानातल्या गावासारखं वाटणारं नाव असेल तर बी.आय. असण्याची शक्यता, जशी गैरसोप्पा, तिलावा, रोहना. मग त्या कंपनीच्या त्या सालात बुडालेल्या बोटींची यादी काढायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या बोटींसाठी यू-बोट डॉट नेट ही साइट सगळ्यात कामाची, बोटीचं नाव टाकलं की मालक कंपनी, कुठून कुठे चालली होती, माल काय, किती माणसं, किती गेली, सगळं येतं, काही बोटींची माणसांची नावंसुद्धा आहेत. पण सगळं अटलांटिकमध्येच झालं असं धरून चालू नका. 'तिलावा' मुंबईहूनच आफ्रिकेला निघाली होती आणि २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने अरबी समुद्रात बुडवली, २८० माणसं गेली. पहिल्या महायुद्धात 'मंगोलिया' ही पी अँड ओची बोट जून १९१७ मध्ये मुंबईजवळच सुरुंगाला लागून बुडाली, ते सुरुंग 'वोल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने पेरले होते. त्यामुळे आजोबा 'विलायतेला' गेले म्हणून गेले असं नाही, मुंबईच्या तोंडाशीही गेले असतील. १४ एप्रिल १९४४ चा व्हिक्टोरिया डॉकचा स्फोट तर बंदरातच झाला.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची थडगी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची, साइट उघडा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. पहिलं महायुद्ध म्हणजे त्यांच्या हिशोबाने ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसरं ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे लढाई थांबल्यावर गेलेला नौदलाचा माणूसही यात येतो. पण व्यापारी बोटीवरच्या माणसाचा मृत्यू शत्रूच्या हल्ल्यामुळे, लढाईच्या कारणाने झालेला असेल तरच त्याचं नाव घेतात, बोटीवर तापाने गेलेल्याचं घेत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच निराश होतात.

शोधताना नावाची चौकट रिकामी सोडा. हो, रिकामी. देश भारत निवडा, सेवा मर्चंट नेव्ही निवडा, तारीख टाका बोट बुडाल्याची, एक दिवस मागे एक दिवस पुढे, आणि शोधा. त्या दिवशी गेलेल्या सगळ्या हिंदुस्थानी खलाशांची यादी समोर येते आणि प्रत्येक नोंदीत बोटीचं नाव दिलेलं असतं. ही यादी उतरवून घेऊन एक्सेलमध्ये बोटीप्रमाणे लावता येते. मी हे केलं तेव्हा एका रात्रीत एकाच बोटीवरची इतकी नावं खाली खाली सरकत गेली की मी थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसले, कारण त्यातली कितीतरी नावं आमच्याच बाजूची होती, ऐकल्याबरोबर वाडी सांगता येईल अशी.

नावं कशी असतात ते समजून घ्या. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव, कधी बापाचंच नाव आडनावाच्या जागी, कधी नुसतं एकच नाव. इब्राहिम आय ने सुरू होईल किंवा ई ने, दाऊद डी-ए-डब्ल्यू किंवा डी-ए-ओ, हुसेनचे तर सात-आठ प्रकार मी स्वतः मोजले. धोंडूला शेवटी डबल ओ लावतात, महादेवचा माधव होतो आणि माधवचा महादेव. गावांचंही तसंच, रत्नागिरीचं जुनं स्पेलिंग 'रुटनाघेरी' असं वाचायला येतं, दाभोळचं 'डाबुल', राजापूरच्या शेवटी 'पोर'. युक्ती अशी की नाव मोठ्याने वाचा, साहेबी उच्चार करून, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. मला स्पेलिंग बघून जे दोन महिने कळलं नव्हतं ते आजीने एकदा ऐकून ओळखलं, ती म्हणाली, अगं हा तर आमचा दादा, हे आमच्या आबांचं नाव.

नोंदीत जादा माहिती म्हणून एक ओळ असते, त्यात कधी बापाचं, बायकोचं, गावाचं नाव असतं. ती ओळ असली तर खात्री होते. नसली तर क्रू लिस्टकडे, म्हणजे बोटीवर घेतलेल्या माणसांच्या यादीकडे, जावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ओळ असली तरी जाच, कारण क्रू लिस्टमध्ये माणूस जिवंत असतानाचा दिसतो. बोटीवर चढताना जो करार व्हायचा त्यात वय, गाव, आधीची बोट, हुद्दा, पगार लिहिलेला असतो. हिंदुस्थानी खलाशांचा करार गोऱ्यांपेक्षा वेगळा असायचा, त्यांच्या कागदांना 'एशियाटिक' म्हणतात, म्हणून मागताना ते वेगळं सांगावं लागतं, नाहीतर फक्त अधिकाऱ्यांची पानं हातात येतात. माझ्या बाबतीत पहिल्यांदा हेच झालं आणि पैसे वाया गेले.

क्रू लिस्ट मागायला बोटीचा ऑफिशियल नंबर लागतो. नाव एकच असलेल्या बोटी अनेक असू शकतात, नंबर एकीचाच. हा नंबर क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्टच्या साइटवर फुकट मिळतो. मग १९३९ ते १९४५ च्या याद्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, मालिका बीटी ३८१, ऑफिशियल नंबरप्रमाणे लावलेल्या. तिथेच बीटी ३८९ मध्ये बोटींच्या हालचालींची कार्डं आहेत, कुठल्या बंदरातून कधी निघाली ते त्यावर कळतं, आणि बीटी ३३४ म्हणजे समुद्रावर मेलेल्या खलाशांची रजिस्टरं, १८९१ पासूनची. तापाने, अपघाताने गेलेल्यांसाठी ही रजिस्टरंच बघायची, कारण त्यांची नावं कमिशनकडे नसतात. तिथे जायची गरज नाही, ऑनलाइन मागणी करून कॉपी मागवता येते, आधी किती पैसे लागतील ते कळवतात. पहिल्या महायुद्धातलं १९१५ साल असेल तर ग्रीनिचच्या मेरीटाइम म्युझियमने त्या वर्षाच्या याद्या स्कॅन करून साइटवर ठेवल्यात, बोटीच्या नावाने उघडा. बाकीच्या वर्षांतल्या १९३८ पर्यंतच्या बऱ्याचशा याद्या कॅनडात न्यूफाउंडलंडला मेमोरियल युनिव्हर्सिटीच्या मेरीटाइम हिस्ट्री आर्काइव्हमध्ये गेल्यात. मुंबईच्या खलाशाचा कागद कॅनडात का हे ऐकून चमत्कारिक वाटतं, पण तसं आहे, ईमेलला उत्तर देतात.

आपल्याकडे फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेख आहे, तिथे जुन्या मुंबई सरकारची मरीन खात्याची दप्तरं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या शोधता येतं, लास्कर, सीमेन, बोटीचं नाव असे शब्द टाकून बघा. एकेका माणसाचं नाव इथे क्वचित मिळतं, पण भरपाई, पेन्शन, वाचलेल्या खलाशांना परत आणणं अशा फायली मिळतात. रॉयल इंडियन नेव्हीवाल्यांसाठी मानखुर्दच्या चिता कॅम्पला नौदलाचं ब्युरो ऑफ सेलर्स आहे, नंबर माहीत असेल तर त्यांना लिहा, नात्याचा पुरावा जोडा. आणि पहिल्या महायुद्धात कैदी झाल्याची शंका असेल तर रेड क्रॉसच्या जिनिव्हाच्या संग्रहातली त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन फुकट बघता येतात. कैदी झालेले कमी नव्हते. पहिल्या महायुद्धात ३,४२७ लास्कर गेले आणि बाराशेच्या आसपास कैदेत पडले असा सरकारी आकडा आहे, दुसऱ्यात गेलेल्यांचा आकडा साडेसहा हजारांच्या घरात जातो.

आता स्मारक. आपल्या बहुतेकांना समुद्राशिवाय थडगं नाही, त्यांची नावं मुंबईतच आहेत, मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये. रिगल सिनेमाजवळचं जुनं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम नव्हे, तिथे आता महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे, लोक चुकून तिकडे जातात. मस्जिद बंदरच्या होममध्ये स्मारकाचा हॉल आहे, तिथे पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे आणि दुसऱ्यातल्या सहा हजारांहून जास्त नावांचं पुस्तक. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत चितगावच्या वॉर सेमेटरीत आहे. म्हणून कमिशनच्या साइटवर 'बॉम्बे/चितगाव' असं दिसलं तर आपला माणूस चितगावला पुरलाय असं समजू नका. बंगाल-आसामच्या पहिल्या महायुद्धातल्या ८९६ लास्करांचं स्मारक वेगळं, कोलकात्याला हुगळीकाठी. आणि काही जणांचं शरीर किनाऱ्याला लागलं, ते स्कॉटलंडच्या, आयर्लंडच्या, आफ्रिकेच्या कुठल्यातरी गावच्या दफनभूमीत आहेत, अशा वेळी कमिशनच्या नोंदीत स्मारकाच्या जागी त्या सेमेटरीचं नाव आणि थडग्याचा नंबर दिसतो. तो नंबर देऊन तिथल्या लोकांना फोटोसाठी विनंती करता येते, लोक मनापासून करतात.

सेलर्स होमला जाताना आधी चौकशी करून जा, ओळखपत्र न्या, आणि कमिशनच्या नोंदीची प्रिंट न्या म्हणजे पान लवकर सापडतं. आम्ही आजीला घेऊन गेलो होतो. हॉलमध्ये तिला खुर्ची दिली, पुस्तक समोर ठेवलं. नावांच्या रांगेत मामाआजोबांचं नाव एका ओळीत होतं, पुढे हुद्दा, बोट. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, तिने बोट ठेवून विचारलं, कुठलं, आणि मी दाखवल्यावर ती त्या ओळीच्या वरचं आणि खालचं नाव कोणाचं हेही विचारत राहिली, मग सगळं पानच वाचून दाखवायला लागलं.

मामाआजोबांच्या नोंदीत बापाच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. अशी चूक असेल तर कमिशनला लिहिता येतं, त्या काळातला कागद पुरावा म्हणून जोडावा लागतो, आठवणीतून सांगितलेलं चालत नाही. नावच नसेल आणि मृत्यू लढाईच्या कारणाने झाल्याचा कागद तुमच्याकडे असेल तर नाव घालण्यासाठीही अर्ज करता येतो. आम्ही क्रू लिस्टची कॉपी आणि खाडीपलीकडच्या काकूंच्या पत्राचा स्कॅन जोडून पाठवलंय. काकूंच्या माणसाचं नावही त्याच पानावर सापडलं, दोन ओळी खाली, त्याचा फोटो छापून त्यांना नेऊन दिला.